इंजिन बसलंय म्हणे

गाडी उभी असली की सगळेच मेस्त्री असतात. बॉनेट उघडायचं, कान लावायचा, कार्बोरेटरची तार बोटानं ओढायची, इंजिन एकदा भुर्रकन ओरडलं की मान हलवायची आणि निकाल देऊन टाकायचा. पण काही दुखणी अशी असतात की ती उभ्या गाडीत दिसतच नाहीत. ती रस्त्यावर दिसतात, ओझं असताना दिसतात, पाय दाबल्यावर दिसतात. अशा दुखण्याबद्दल मला लिहायचं आहे. मी मेस्त्री नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे. कविता लिहितो. दहावीनंतर शाळा सुटली, मग जे वाचलं ते रद्दीतून. पण ह्या एका गाडीच्या दुखण्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, म्हणून लिहितोय.

गाडी मामाची. प्रीमियर पद्मिनी, १९९४ सालची. दुखणं असं: चाळीसला गाडी लोण्यासारखी. पन्नासला ठीक. काटा साठावर टेकला की हिची छाती भरून यायची. पाय दाबला तरी पुढं सरकायची नाही, उलट कुणी मागून पदर धरून ओढतंय असं वाटायचं. पाय काढला, दहा-वीस सेकंद गेले, की पुन्हा जीव यायचा. पुन्हा साठ, पुन्हा तेच. पुलाच्या चढावर तर पन्नासलाच मान टाकायची. गॅरेजच्या भाषेत, गाडी वरचा पिकअप घेत नव्हती.

आता ही गाडी म्हणजे हौस नाही. पुण्या-मुंबईचे लोक जुन्या गाड्या पुसून प्रदर्शनात उभ्या करतात, ते वेगळं. इचलकरंजीच्या जवळ आमची वस्ती. वस्तीत चार चाकांची गाडी म्हणाल तर ही एकच बरीच वर्षं होती. रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखलं, कुणाला विंचू चावला, कुणी बाई अडली, की मामाचं दार वाजायचं. आणि गेल्या वर्षापासून आमच्या आत्याला आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळची पाळी असते. वेळ चुकली की मशीन दुसऱ्याला जातं. येताना म्हातारी मागच्या सीटवर आडवी असते, तोंडाला चव नसते, आणि तिला लवकर घरी पोचायचं असतं. साठच्या पुढं न जाणारी गाडी तिच्यासाठी काय असते ते मी सांगायला नको.

मामाची आणि पद्मिनीची ओळख त्याहून जुनी. मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मुंबईत गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली. त्यातली कितीतरी पुन्हा कधीच आत गेली नाहीत. आजोबाही गेले नाहीत. मामा मोठा झाला तो टॅक्सीच्या चाकावर बसला. स्वतःची नव्हे, मालकाची. रात्रीची पाळी मामाची, दिवसाची दुसऱ्याची. पंचवीस वर्षं काळी-पिवळी चालवली आणि ती सगळी पद्मिनीच.

ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ती १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघायला लागली. पुढं तिचं नाव प्रेसिडेंट झालं, आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, तीही पुरी मिळते ती मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्या झाल्यावर. आजच्या पोरांच्या हिशेबानं काहीच नाही. पण त्या चाळीसावर अख्खी मुंबई फिरली. टॅक्सी म्हणून ताडदेवला शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून पद्मिनी नाही. मामानं ती बातमी मोबाइलवर बघितली, मोबाइल उपडा ठेवला आणि बाहेर जाऊन आपली गाडी फडक्यानं पुसली. बोलला काही नाही.

तर ह्या गाडीला दम लागायला लागला. मामा तिला घेऊन गॅरेजला गेला. मी बरोबर होतो. गॅरेजचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, अशी गॅरेजं गावोगाव आहेत. मेस्त्रीनं पहिलं विचारलं, "कुठली गाडी?" मामानं वस्तीचं नाव सांगितलं. मग बॉनेट उघडलं. तार ओढली. इंजिन ओरडलं. मागं जाऊन धूर बघितला. धूर नव्हता. तरी म्हणाला,

"इंजिन बसलंय. रिंगा गेल्या. बोअर करा, पिस्टन टाका, हेड काढायलाच लागणार. चाळीस हजार धरून चला. नाहीतर भंगारात द्या. एवढ्या जुन्यात आता दम नसतोय."

दहा मिनिटं लागली नाहीत. कसलं मोजमाप नाही, रस्त्यावर एक चक्कर नाही. चाळीस हजार म्हणजे माझा तीन महिन्यांचा पगार. मामा गप्प. परत येताना चाळीसनं गाडी चालवत म्हणाला, "म्हातारी झाली रं. आपल्यासारखीच."

मला ते पटलं नाही. का पटलं नाही, त्याला गिरणीचा अनुभव कारण आहे.

रिंग फ्रेमवर स्पिंडल फिरतं ते मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेऱ्यांनी. कमी वेगावर सूत गुमान निघतं. वेग वाढवला की तारा तुटायला लागतात. तुटलेली तार हातानं सांधायची, हे आमचं काम. पाळीभर चालत राहायचं आणि सांधत राहायचं. एकदा एका खात्यात तारा फार तुटायला लागल्या. वरच्या साहेबानं काय म्हणावं? "पोरांचं कामात लक्ष नाही. हात चालत नाहीत ह्यांचे." झालं. निकाल. पण आमचा जॉबर जुना माणूस. त्यानं कुणाशी वाद घातला नाही. फक्त एक प्रश्न विचारला: "एकाच स्पिंडलवर तुटतंय, का सगळ्यावर?" एकाच स्पिंडलवर तुटत असेल तर खोट त्या स्पिंडलची, तिथल्या ट्रॅव्हलरची, रिंगची. सगळ्यावर सारखंच तुटत असेल तर खोट अशा जागी आहे की जिथून सगळ्यांना मिळतं. आम्ही मोजलं. सगळ्यावर तुटत होतं. मग कळलं की खात्यातली हवा कोरडी पडली होती, दमट ठेवणाऱ्या यंत्रणेचे फवारे तुंबले होते. फवारे साफ झाले, आणि आमचे हात आपोआप चालायला लागले!

जॉबरचा तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला होता. तोच पद्मिनीला विचारायचा ठरवला. एका सिलिंडरचं दुखणं आहे, का चारींचं?

आधी जरा हिशेब. चार सिलिंडरचं चार धावांचं इंजिन. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरला एकदा ठिणगी लागते. म्हणजे एका फेरीला दोन ठिणग्या. गाडी उभी असताना इंजिन आठशे फेऱ्यांवर असतं, तेव्हा मिनिटाला सोळाशे ठिणग्या, सेकंदाला सत्तावीसच्या आसपास. चार हजार फेऱ्यांना मिनिटाला आठ हजार, सेकंदाला एकशे तेहेतीस. तेवढ्याच वेळा पॉइंट उघडला-मिटला पाहिजे. तेवढ्याच वेळा हवा आत आली पाहिजे, धूर बाहेर गेला पाहिजे. आणि हवा जितकी येईल तिच्या प्रमाणात पेट्रोल पोचलं पाहिजे, वजनानं पंधराला एक. पाय पुरा दाबून चढ चढताना ही मागणी उभ्या गाडीच्या कितीतरी पट असते. उभ्या गाडीत तार ओढून इंजिन ओरडवलं तर फेऱ्या वाढतात, पण ओझं नसतं, पेट्रोल थोडंच लागतं. म्हणून उभ्या गाडीतली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. भुकेलेल्या माणसाला बसल्या जागी विचारलं, कसा आहेस, तर तो बरा आहे म्हणणारच. त्याच्या डोक्यावर पोतं द्या, मग कळेल.

मी मामाला म्हटलं, "चाळीस हजार कुठं पळून जात न्हाईत. आधी आपण बघूया."

मामा म्हणाला, "बघ की. पर एका वेळेला एकच जागा बघायची. दोन हात दोन ठिकाणी घातलं की कशानं बरं झालं ते कळत न्हाई."

हा मामाचा नियम. आम्ही सुट्टी येईल तसं बघत गेलो. स्वस्तातलं आधी, महागातलं मागून. प्रत्येक गोष्ट वहीत.

पहिलं बघितलं की दम इंजिनाचाच जातोय ना. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर राहते. इथं तसं नव्हतं, इंजिनाचा आवाजच वर जात नव्हता. ब्रेक धरून बसलेत का बघितलं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली, एका हातानं सरकली. चाकं थंड.

मग हवा. मामाला गाडीत बसवून पाय पुरा दाबायला लावला आणि मी कार्बोरेटरच्या तोंडात बघितलं, झडप पूर्ण उघडते का. कधीकधी पायाखालची मॅट दुमडून पेडलच खाली जात नाही आणि लोक इंजिन उघडून बसतात. आमची उघडत होती. चोक पुरता मोकळा होता. एअर फिल्टर काढून झटकला. फरक नाही.

मग ज्याच्यावर निकाल लागला होता ते, रिंग-पिस्टन. ओळखीच्या एका पोराकडून कॉम्प्रेशन गेज मागून आणलं. इंजिन गरम केलं, चारी प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, पाय पुरा दाबून सेल्फ मारला. एकशे पंचवीस, एकशे वीस, एकशे पंचवीस, एकशे वीस. ह्या वयाच्या इंजिनाला हे आकडे वाईट नाहीत. आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं, चारी सारखे. एखादं शंभराच्या खाली असतं तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व. आम्हाला ती वेळच आली नाही. म्हणजे इंजिन बसलं नव्हतं. मामानं वहीतले आकडे दोनदा वाचले. त्या दिवशी त्याला जेवण गेलं.

पण दुखणं तसंच. कॉम्प्रेशन बरं म्हणजे व्हॉल्व वेगातही नीट मिटतात असं नाही. व्हॉल्वची स्प्रिंग थकली असेल तर हळू चालताना व्हॉल्व बरोबर मिटतो आणि वेगात मिटायला उशीर करतो. पण तो प्रकार फार वरच्या फेऱ्यांना होतो. साठला, टॉप गिअरमध्ये, ही गाडी अडीच हजारांच्याही पुरती वर नसते. टॅपेट पानं घालून बघितली, बरोबर होती. तिथं थांबलो.

मग ठिणगी. मामाचा सगळा संशय इथं. टॅक्सीवाल्यांचा पहिला हात पॉइंटवर जातो. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती घासून बदलते, तोंडं जळतात. पॉइंटची स्प्रिंग ढिली पडली की वेगात तो उडायला लागतो, पुरता मिटतच नाही. कॉइलला भरायला वेळ मिळत नाही, ठिणगी मरते. कंडेन्सर गेला तरी तेच. पण ह्याची खूण वेगळी. ठिणगीचं दुखणं झटके देतं. गाडी मिसिंग मारते, सायलेन्सरमधून फटाके उडतात. आमची गाडी झटके देत नव्हती. ती दिव्यातलं तेल संपल्यासारखी हळूहळू मावळत होती. तरी पॉइंट-कंडेन्सर नवे टाकले, कारण ते स्वस्त. रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवर कुठं निळी ठिणगी बाहेर पळतेय का बघितलं. नाही.

आणखी एक गोष्ट मामानं दाखवली, ती मला फार आवडली. पेट्रोलच्या वाफेला जळायला वेळ लागतो. इंजिन हळू असताना तो वेळ पुरतो. वेगात पिस्टन थांबत नाही, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढं घेतात. ती गंजून चिकटली तर गाडी हळू झकास चालते आणि वेगात मरते. मामानं टोपण काढलं, रोटर बोटांनी फिरवून सोडला. तो आपल्या जागी टपकन परत आला. "वजनं जित्ती हैत," मामा म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रात्रपाळीत भर रस्त्यात बंद पडलेल्या मालकाच्या गाडीनं शिकवलं होतं.

मग उच्छ्वास. सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून आडवा बसला की धूर बाहेर पडत नाही. धूर बाहेर नाही म्हणजे हवा आत नाही. आम्ही मॅनिफोल्डखालचा जोड ढिला केला आणि गाडी रस्त्यावर नेली. रणगाडा आल्यासारखा आवाज. अख्खी वस्ती बाहेर. पोरं मागं पळाली. पण काटा साठालाच अडला. जोड पुन्हा आवळला.

आता जॉबरचा प्रश्न. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी साठला नेली, दम जायला लागला तशी मामानं क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घरंगळू दिली. तिथंच चारी प्लग काढले. प्लगचं तोंड म्हणजे इंजिनाची जीभ. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. फिकट विटकरी असेल तर बरोबर. चारी प्लग पांढरेफटक होते. चारीच्या चारी. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि सगळ्यांना कमी पडतंय. खोट जिथून वाटप होतं त्याच्या आधी.

पद्मिनीची टाकी मागं. तिथून लोखंडी पाइप पुढं येतो. इंजिनाजवळ रबरी नळी, मग पंप. पंपात रबरी पडदा, त्याला डायफ्रम म्हणतात. तो इंजिनाच्या कॅमवर हलतो, पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरला देतो. कार्बोरेटरच्या पेल्यात थोडं पेट्रोल साठतं. पंप कमी देत असला तरी तो पेला काही सेकंद निभावून नेतो, मग रिकामा होतो आणि गाडी मान टाकते. पाय काढला की पेला पुन्हा भरतो आणि गाडीला जीव येतो. आमच्या गाडीचं दुखणं पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतं. पण लक्षण बोट दाखवतं, पुरावा देत नाही. पुरावा शोधायलाच लागतो.

टाकीच्या झाकणातलं श्वासाचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडतं. झाकण सैल ठेवून चालवलं. फरक नाही. फिल्टर काढला, त्यात तांबूस गाळ होता. नवा टाकला. काटा साठावरून पासष्टला गेला. मामा खूश. मी म्हटलं, "पाच नव्हं मामा, पूर्वी ही ऐंशी जात हुती." थोडं बरं झालं की माणूस शोधायचं सोडतो, आणि खरं दुखणं तिथंच दबा धरून बसतं. कार्बोरेटरचा मेन जेट काढून उजेडात धरला, भोक स्वच्छ गोल. फ्लोटची पातळी बरोबर.

मग पंप. मामानं बिडी विझवली, बॅटरीची वायर काढली, इंजिन थंड होऊ दिलं. पेट्रोलशी खेळताना हे पहिलं. पंप इंजिनावरून सोडवला पण टाकीकडची नळी तशीच ठेवली, दुसरं तोंड बाटलीत. आणि पंपाचा दांडा हातानं दाबायला लागलो. सावकाश दाबला, प्रत्येक दाबाला भरलेली पिचकारी. मामा म्हणाला, "पंप तर झ्याक हाय." मी भराभरा दाबायला लागलो. आठ-दहा दाब बरे गेले, मग पिचकारी बारीक झाली, मग नुसते बुडबुडे. थांबलो. पुन्हा सावकाश, पुन्हा भरलेली. पुन्हा भराभर, पुन्हा बारीक.

साठच्या काट्यावरचं दुखणं आता माझ्या हातात होतं, अंगणात, उभ्या गाडीत.

तेव्हा मामानं बोट दाखवलं. "नळी बघ." मी दांडा भराभर दाबत होतो आणि टाकीकडची रबरी नळी पोटाशी आत ओढली जात होती, भुकेल्या पोराच्या पोटासारखी. बाहेरून काळी, धडधाकट, एक भेग नाही, एक थेंब गळत नाही. पण ओढ वाढली की ती आतल्या आत मिटत होती. ती काढली, नवी नळी लावून तिचं तोंड पेट्रोलच्या डब्यात घातलं. भराभर दाबलं तरी पिचकारी भरलेलीच. मग टाकीकडच्या पाइपाला नवी नळी जोडून दाबलं, तरीही भरलेली. म्हणजे टाकी बरी, पाइप बरा, पंप बरा. खोट त्या वीतभर नळीत.

ब्लेडनं नळी उभी चिरली. आतलं रबर फुगून मऊ पडलं होतं, बोटाला लागत होतं. ही नळी गाडीच्याच पिढीची. आता पंपावर येतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ होतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. जुन्या टाकीतला गाळही ते सोडवतं, आणि तो फिल्टरात येऊन बसतो. ज्यांच्याकडं जुन्या गाड्या, जुन्या स्कूटरी आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात, दुकानदाराला तसं सांगून घ्याव्यात, आणि पंपाचा पडदाही त्याच वेळी बदलावा. आमची नळी, पडदा आणि दोन क्लिपा मिळून पाचशे रुपयांच्या आत झालं.

दुसऱ्या खेपेला आत्याला घेऊन गेलो तेव्हा पुलाचा चढ पद्मिनीनं साठनं काढला. सरळ रस्त्यावर काटा ऐंशीला टेकला. आत्याला काटा-बिटा काही कळत नाही. ती फक्त म्हणाली, "आज लई लवकर आलो रं." मामानं आरशातनं तिच्याकडं बघितलं आणि वेग कमी केला. ऐंशी जाते एवढं कळलं, पुरे होतं.

मामा चिरलेली नळी घेऊन त्या गॅरेजला गेला. भांडायला नाही. दाखवायला. मेस्त्रीनं नळी उलटसुलट केली आणि म्हणाला, "असं होतं कधीकधी." बस. चाळीस हजार आणि भंगार, ह्यांच्या बदल्यात तीन शब्द. मामाला तेवढ्यानं समाधान झालं. मला झालं नाही.

कारण हे "दम नाही" मी आधीही ऐकलं होतं. शाळेत असताना. आमच्या वस्तीतली पोरं सातवी-आठवीपर्यंत बरी चालायची. मग एकेक मागं पडायचं. एक मास्तर वर्गात म्हणायचे, "ह्यांच्यात पुढं जायचा दमच नसतो." ह्यांच्यात म्हणजे कुणात, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळायचं. आता पोरं शाळेत यायच्या आधी वीटभट्टीवर दोन तास कच्च्या विटा उलटून यायची, हे कुणी मोजलं नाही. घरात दिवा एक आणि माणसं सात, हे कुणी मोजलं नाही. वरच्या इयत्तेला मागणी वाढते, वही लागते, शिकवणी लागते, पोटात काही लागतं. ते पोचवणारी नळी आतल्या आत मिटत होती, आणि निकाल लागत होता इंजिनाचा. चारी प्लग पांढरे होते. एकानंही काढून बघितले नाहीत.

मी यंत्राची आणि माणसाची तुलना करायला निघालो नव्हतो. माणूस नळी बदलून बरा होत नाही, त्याला वर्षं लागतात, पिढ्या लागतात. पण निदान आणि निवाडा ह्यांतला फरक दोन्हीकडं एकच आहे. निवाडा देणारा आधी विचारतो, "कुठली गाडी?" निदान करणारा विचारतो, "एकाला होतंय का सगळ्यांना? कधी होतं? किती ओझ्याला होतं? पाय काढल्यावर परत येतं का?" आणि मग हात काळे करतो.

ते चिरलेलं रबर मी मागून घेतलंय. वहीत, त्या कॉम्प्रेशनच्या आकड्यांच्या पानाला सुतळीनं बांधून ठेवलंय. वस्तीतल्या दोन पोरांना आता सुट्टीला मामा डिस्ट्रिब्युटर उघडून दाखवतो. त्यांना मी एवढंच सांगितलंय: कुणी म्हणालं इंजिन बसलंय, तर वाद घालू नका. शांतपणे विचारा, कशावर मोजलंत?